झाकणाखाली

मरुदानल्लूरमधल्या पहिल्या पहाटे मला जाग आली ती भांड्याच्या आवाजानं. नखानं ताटलीवर टिचकी मारावी, एवढाच तो आवाज. घर अजून झोपलेलं होतं. उठून स्वयंपाकघरात गेले. ओट्याच्या कोपऱ्यात, रात्री आत्यांनी इडलीचं पीठ झाकून ठेवलेलं पातेलं होतं. झोपताना पीठ निम्म्यापर्यंत होतं. आता ते काठाशी येऊन झाकणाला टेकलं होतं आणि झाकण एका बाजूनं बोटभर उचललं गेलं होतं. त्या फटीतून वास येत होता. आंबूस, किंचित गोड, ओल्या मातीच्या जवळचा. मी अंधारात तशीच उभी राहिले. पाय गार फरशीवर होते आणि मन तीस-पस्तीस वर्षं मागे, नेकार नदीकाठच्या हायडेलबर्गमध्ये, वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीशी जाऊन पोचलं होतं. त्या खिडकीत काचेची एक बरणी असे. तिच्यातूनही हाच वास यायचा.

मरुदानल्लूर हे कुंभकोणमच्या शेजारचं छोटं गाव. भाताची खाचरं, केळी, नारळ, अधूनमधून एखादा पाट. तमिळमध्ये नल्लूर म्हणजे चांगलं गाव. मी इथे आले ती एका मैत्रिणीच्या आग्रहावरून. आमची ओळख हायडेलबर्गची, आणि ती तंजावरकडच्या मराठी घरातली. तिच्या आत्या इथे राहतात. त्यांच्या घरी मराठी बोलतात, पण ती मराठी निघाली त्याला तीनशे वर्षं उलटून गेलीत. व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ जी माणसं कावेरीच्या काठी आली, त्यांच्या तोंडून ती पिढ्यान् पिढ्या वाहत आली आणि वाटेत तमिळचा हेल उचलत गेली. आत्यांच्या तोंडून ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला शब्द आधी कळले नाहीत, माया आधी कळली.

हायडेलबर्गला आम्ही गेलो ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. घर लावलं, भांडी मांडली, आणि पहिल्या आठवड्यात मला एका गोष्टीनं व्याकूळ केलं. संध्याकाळ झाली की त्या इमारतीत कसलाच वास येत नसे. पुण्यातल्या आमच्या वाड्यात दिवेलागणीला जिन्यावरून चढताना कुणाकडे लसणाची फोडणी आहे, कुणाकडे पिठलं, कुणाकडे भाकरी भाजली जातेय, हे नाकाला कळायचं. इथे जिना धुतलेल्या फरशीच्या वासाचा. जर्मन घरात गरम जेवण दुपारी व्हायचं. रात्रीच्या जेवणाला ते ‘आबेंडब्रोट’ म्हणतात, म्हणजे संध्याकाळची भाकरी. एका लाकडी पाटावर पावाचे काप, लोणी, चीज, मुळ्याच्या चकत्या, काकडीचं आंबवलेलं लोणचं. चूल पेटत नाही. मी खिडकीत बसून रडले होते, आणि रडण्याचं कारण मला स्वतःलाही सांगता येत नव्हतं. चूल पेटली नाही तर दिवस मिटतो कसा, एवढंच मनात होतं.

आणि तो पाव! काळपट, जड, कापला तर सुरीला चिकटणारा. राय नावाच्या धान्याचा. पहिला घास घेतला आणि वाटलं, हा बिघडलाय. इतका आंबट पाव मी कधी खाल्ला नव्हता. पुण्यात पाव म्हणजे मऊ, पांढरा, चहात विरघळणारा. हा पाव तर चावायलाच वेळ मागत होता. दोन दिवस तो तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी वरच्या आजी जिन्यात भेटल्या. त्यांना मी मनातल्या मनात ‘वरच्या आजी’ म्हणायची. तोंडावर अर्थातच ‘फ्राऊ’ आणि आडनाव. आमचं जर्मन मोडकंतोडकं, तरी त्यांना कळलं. त्या मला वर घेऊन गेल्या. त्यांनी पावाचा पातळ काप कापला, त्यावर गार लोणी जाडसर लावलं, वर मीठ भुरभुरलं आणि हातानं खूण केली, सावकाश. मी सावकाश चावत राहिले. पाचव्या-सहाव्या चावण्याला आंबटपणा मागे सरला आणि त्याच्या मागून काहीतरी ओळखीचं पुढे आलं. मी थांबले. धणे होते. धणे आणि बडीशेप, आणि ते ज्याला क्युमेल म्हणतात ते शहाजिऱ्यासारखं. पावात घालायच्या या मसाल्याला त्यांच्याकडे वेगळं नाव आहे आणि तो कुटून पिठात मिसळतात. परक्या पावाच्या पोटात माझ्या आईचा मिसळणाचा डबा होता.

त्या दिवशी मी ती बरणी पाहिली. आत राखाडी, बुडबुड्यांचं पीठ. ‘झाउअरटाइग’, आंबट पीठ. आजी त्यातलं थोडं काढून पाव करत आणि उरलेल्यात पुन्हा रायचं पीठ आणि पाणी घालून ठेवत. याला त्या ‘खायला घालणं’ म्हणत, जसं घरातल्या मांजराला घालावं. मला अर्थ समजवावा लागला नाही. आमच्याकडे विरजण असंच असे. एका घरातलं दही संपलं तर वाटी घेऊन शेजारी जायचं. दिवेलागणीनंतर मात्र मागायचं नाही. कुणाच्या विरजणाचं दही घट्ट लागतं, कुणाचं तार धरतं, हे सगळ्या वाड्याला ठाऊक असायचं. महिन्याभरानं आजींनी मला त्या पिठातलं दोन चमचे दिलं. एका बरणीत घालून, वर कापड बांधून. मी जिना उतरताना ती बरणी दोन्ही हातांत धरली होती.

आमच्या भाषेनं या बाबतीत किती बारीक फरक केलेत, हे मला तिथे, त्या बरणीसमोर बसून उमगलं. दूध नासतं. भात विटतो. पीठ आंबतं. दूध विरजतं. लोणचं मुरतं. या सगळ्यांत वेळ जातो आणि पदार्थ पहिल्यासारखा राहत नाही. तरी नासणं आणि मुरणं यांत सगळं जग आहे. मला परदेशात पहिली दोन वर्षं एकच भीती होती, आपण नासू. भाषा पातळ होईल, जीभ बदलेल, परत गेल्यावर आईच्या हातचं खाताना काहीतरी कमी वाटेल. कुणाला बोलून दाखवलं नाही. पण रोज सकाळी बरणीचं कापड सोडून वास घेताना मनात तोच प्रश्न असे, हे आंबलंय की नासलंय? आजी नाक जवळ नेत आणि म्हणत, ठीक आहे, वाट पाहा.

वाट पाहणं म्हणजे काय ते त्यांनी मला डाम्फनूडल शिकवताना दाखवलं. हा त्या भागातला, ऱ्हाईनपलीकडच्या फाल्त्सकडचा साधा पदार्थ. यीस्टच्या पिठाचे गोळे फुगवायचे, खोल तव्यात थोडं पाणी, लोणी आणि मीठ घालून त्यात ते ठेवायचे आणि झाकण लावायचं. वरचा भाग वाफेवर इडलीसारखा पांढरा, मऊ होतो आणि खाली मिठाचा, सोनेरी, कुरकुरीत पापुद्रा धरतो. बटाट्याच्या सूपाबरोबर खातात, नाहीतर गोड व्हॅनिलाच्या रसात बुडवून. यात नियम एकच. पाणी आटेपर्यंत झाकण उचलायचं नाही. उचललं की गोळे बसतात. शिजलं की नाही हे कानानं ओळखायचं. पाण्याची खळखळ थांबते आणि लोण्याची चर्र सुरू होते. आजी तव्याजवळ मान कलती करून उभ्या राहत, आणि मला माझी आजी दिसे, मोदकपात्राजवळ तशीच उभी असलेली. फाल्त्समध्ये फ्रेकनफेल्ड नावाचं गाव आहे. तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश शिपाई गाव लुटायला आले, तेव्हा तिथल्या एका पाववाल्यानं १,२८६ डाम्फनूडल करून त्यांना जेवू घातलं आणि गाव वाचलं, अशी आख्यायिका आहे. त्या आठवणीची दगडी कमान तिथे आजही उभी आहे. गाव वाचवणाऱ्या तलवारींच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या होत्या. गाव वाचवणाऱ्या गोळ्यांची ही एकच.

सगळंच आवडलं असं नाही. मिठात मुरवलेला हेरिंग मासा मला कधी जमला नाही. कच्च्या मांसाचा लगदा पावावर पसरून खाणाऱ्यांच्या समोर बसणंही जड जाई. काळ्या, खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्या मी एकदाच तोंडात टाकल्या. पण बटाट्याचा कीस तळून केलेली, सफरचंदाच्या गोड रसाबरोबर खायची थालीपिठं मी पोट भरेपर्यंत खाल्ली. कोबी चिरून, मिठानं चोळून, दगडाखाली दाबून आठवडेच्या आठवडे ठेवलेलं झाउअरक्राउट आधी नाक मुरडून आणि मग मागून घेऊन खाल्लं. वसंतात श्वेट्सिंगनच्या शेतातला पांढरा शतावर बाजारात यायचा आणि २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, त्याचा हंगाम संपायचा. मग कितीही मागा, शेतकरी म्हणणार, आता झाडाला विश्रांती. फ्रँकफुर्टला सात पालेभाज्या बारीक चिरून दह्या-सायीत कालवलेली हिरवी चटणी मिळते, उकडलेल्या बटाट्यांवर घालून खातात. त्या सातांपैकी एक पान मी तोडून चावलं आणि डोळे मिटले. ते आपल्या चुक्याचं भावंड होतं. जर्मन लोक त्याला त्याच्या आंबटपणावरूनच हाक मारतात. चुक्याच्या भाजीत घालायच्या शेंगदाण्यांची आठवण येऊन मी त्या हॉटेलात कितीतरी वेळ गप्प बसले होते.

वरच्या आजी मूळच्या त्या गावच्या नव्हत्या, हे मला दुसऱ्या नाताळात कळलं. त्यांनी त्या दिवशी दुधात भिजवलेला पाव, खसखस, बेदाणे आणि बदाम यांचा थरांचा एक गार गोड पदार्थ केला होता. खसखस इतकी की वाडगा काळानिळा दिसत होता. आपल्या अनारशांवर शिंपडलेली पांढरी खसखस पाहिलेली मी, ही निळी खसखस पाहून थक्क झाले. आजी म्हणाल्या, हे इथलं नाही, आमच्याकडचं आहे. आमच्याकडे म्हणजे सायलेशियात. महायुद्ध संपल्यावर तो मुलूख पोलंडमध्ये गेला, तिथल्या लाखो जर्मनांना निघावं लागलं, आणि विशीतल्या आजी एका बोचक्यासह आगगाडीनं पश्चिमेकडे आल्या. गावाचं नावही बदललं होतं. त्यांच्या बोलीतले शब्द इथल्या दुकानदाराला कळत नसत. नाताळचा हा वाडगा मात्र त्यांनी एकही वर्ष चुकवला नाही. मी त्यांना विचारलं, आता तो तिकडच्यासारखा लागतो का? त्या बराच वेळ चमचा हातात धरून होत्या. मग म्हणाल्या, तिकडचा कसा लागायचा ते आता मला आठवत नाही. आठवतो तो हाच.

हे सगळं त्या पहाटे आत्यांच्या स्वयंपाकघरात आठवलं. उजाडलं, आत्या उठल्या, इडल्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर आला तो कडप्पा. कुंभकोणमचा हा खास पदार्थ. बटाटा आणि मुगाची डाळ, त्यात ओलं खोबरं, बडीशेप आणि खसखस यांचं वाटण. फिकट, सौम्य, तिखटाचा आव नसलेला. पहिल्या घासालाच मी आत्यांकडे पाहिलं. डाम्फनूडलबरोबरचं बटाट्याचं सूप आणि सायलेशियातली खसखस एकाच द्रोणात, आणि पलीकडे वाफाळती इडली. आत्यांना हे कसं सांगायचं ते मला सुचेना. मी फक्त अजून मागितलं. त्या खूश झाल्या. नंतर पितळी डबऱ्यात फेसाळलेली कॉफी आली, तेव्हा कुठे मला बोलता आलं.

दुपारी मैत्रीण मला तंजावरला घेऊन गेली. शिवगंगा तळ्याजवळच्या जुन्या चर्चमध्ये जॉन फ्लॅक्समननं कोरलेलं एक संगमरवरी शिल्प आहे. अंथरुणावर एक म्हातारा पाद्री, आणि त्याचा हात हातात घेतलेला पगडी घातलेला तरुण राजा. राजा म्हणजे सर्फोजी, आपल्या भोसल्यांचा. पाद्री म्हणजे ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ, जर्मन. तंजावरच्या तुळजाराजांनी १७८७ मध्ये मरताना आपल्या नऊ-दहा वर्षांच्या दत्तक मुलाला, या सर्फोजीला, याच्या स्वाधीन केलं होतं. श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगमबाडीला उतरला आणि १७९८ मध्ये तंजावरात वारला, तोपर्यंत एकदाही मायदेशी परतला नाही. तमिळ शिकला, दरबारासाठी मराठीही शिकला. त्याला तिरुचिरापल्लीत भेटलेल्या एका इंग्रजानं लिहून ठेवलंय की तो एका जेमतेम अंथरुणापुरत्या खोलीत राहायचा आणि इथल्या पद्धतीनं केलेला भात आणि भाजी समोर आली की आनंदानं जेवायला बसायचा.

त्या शिल्पासमोर माझ्या मनात धर्म किंवा राज्य यांपैकी काही नव्हतं. मनात होतं ते त्याचं पान. त्याचा जन्म १७२६ चा, ब्रांडेनबुर्गमधल्या झोनेनबुर्गचा. तेही गाव आज पोलंडमध्ये आहे, वरच्या आजींच्या गावासारखं. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकनं शेतकऱ्यांनी बटाटा लावावा म्हणून हुकूम काढला तो २४ मार्च १७५६ चा, म्हणजे श्वार्ट्झ भारतात येऊन सहा वर्षं झाल्यावर. आज आपण ज्याला जर्मन ताट म्हणतो त्यातला बटाटा त्याच्या लहानपणच्या ताटात क्वचितच असेल. त्याच्या आठवणीतलं घर पावाचं आणि कोबीचं असणार, आणि आंबट. मग इथे आल्यावर ताक, चिंच, रस्सम यांच्याशी त्याच्या जिभेची ओळख कशी झाली असेल? पहिल्या रात्री तोही खिडकीत बसला असेल का? ‘आनंदानं’ हा शब्द त्या इंग्रजाला दिसला तो पुष्कळ वर्षांनंतरचा. त्याच्या आधीची वर्षं झाकणाखाली आहेत.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात सर्फोजींच्या काळातली मराठी पाककृतींची पोथी जपलेली आहे, ‘शरभेंद्र पाकशास्त्र’. राजानं ग्रंथांबरोबर रांधणंही जतन केलं, याचं मला फार अप्रूप वाटलं. पण त्याहून मोठी पोथी आत्यांच्या हातात आहे. संध्याकाळी त्यांनी रसवांगी केली. नाव नुसतं उच्चारा, रस आणि वांगी, आणि मराठी समोर उभी राहते. चव घ्या, तर चिंच, खोबरं, चण्याची डाळ, सगळी कावेरीकाठची. दुसऱ्या दिवशी पिटलै होती. पिठल्याचं नाव घेऊन निघालेला हा पदार्थ पोचेपर्यंत तूरडाळीचा, कारल्याचा होऊन गेलाय. मी वाटीत पाहत राहिले. बेसन वाटेत कधी उतरलं असेल? आणि नाव का उतरलं नसेल?

रात्री गावातल्या मठात भजन होतं. मरुदानल्लूरचं नाव ज्यांच्यामुळे दक्षिणेत घरोघरी पोचलं ते सद्गुरू स्वामी सर्फोजींचे समकालीन. त्यांनी भजनाची जी पद्धत बसवली, ती आजही चालते. तोडयमंगळम, जयदेवांच्या अष्टपदी, नारायणतीर्थांचे तरंग, आणि त्याच ओघात मराठी अभंग. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांची मातृभाषा तमिळ. ते विठ्ठलाला हाक मारत होते तेव्हा ‘ठ’ मऊ होऊन ‘ट’ कडे झुकत होता. मृदंगाची चाल पखवाजाहून निराळी होती. पण टाळ पडला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. पंढरपूरच्या दह्यातलं चमचाभर विरजण इथल्या दुधात कधीतरी पडलं, आणि दोनशे वर्षं हे लोक रोज त्यातलं थोडं काढून उद्यासाठी ठेवत आले. हायडेलबर्गलाच जर्मन अभ्यासक ग्युंथर सोन्थायमर खंडोबावर आणि आपल्या धनगरांवर आयुष्य वेचत होते, तेव्हा मला त्यांच्या त्या ओढीचं कोडं वाटे. इथे मठाच्या ओसरीवर बसून ते कोडं राहिलं नाही. विरजणाला दुधाचं गाव लागत नाही.

परत येताना आत्या माझा हात धरून चालत होत्या. म्हणाल्या, ‘पोरी, आमची मराठी बिघडली गं. तू हसत असशील मनात.’ मी म्हणाले, ‘नाही आत्या, मुरलीय.’ त्यांना तो शब्द कळला की नाही, सांगता येत नाही. त्यांनी तो दोनदा पुटपुटला, जिभेवर ठेवून पाहावा तसा.

माझ्या पिशवीत मैत्रिणीसाठी आणलेली एक पुडी होती. वरच्या आजींनी दिलेलं ते पीठ मी पुण्यात इतकी वर्षं जगवलंय. प्रवासाला नेताना ते कागदावर पातळ पसरून वाळवते आणि चुरून ठेवते. पाणी लागलं की पुन्हा जागं होतं. त्या रात्री आत्या पातेल्यात पीठ झाकून ठेवत होत्या तेव्हा मी पुडीतला चिमूटभर चुरा एका पेल्यात घेतला. रायचं पीठ इथे कुठलं? आत्यांनी डब्यातून नाचणीचं काढून दिलं. कोमट पाणी घातलं, कालवलं, वर बशी ठेवली आणि पेला पातेल्याशेजारी सरकवला. आत्यांनी विचारलं, ‘हे काय?’ मी म्हणाले, ‘एका आजींचं आहे.’ एवढं उत्तर त्यांना पुरलं.

सकाळी गाडी लवकर होती. दारात रिक्षा येऊन थांबली तेव्हा मी धावत आत गेले. पातेल्याचं झाकण पहिल्या पहाटेसारखंच तिरपं झालेलं. पेल्यावरची बशी उचलली. वर तीन-चार बारीक बुडबुडे आले होते. ते पुडीतले होते, की नाचणीतले, की त्या स्वयंपाकघराच्या हवेतले, कोण सांगणार? मी नाक जवळ नेलं. मागे आत्या उभ्या होत्या. त्यांनीही वाकून वास घेतला, जरा वेळ विचार केला, आणि बशी परत ठेवून दिली.